पाण्याचा ताळेबंद गावाने स्वतः मांडावा, यासाठी प्रशिक्षकाने नेमकं काय करायचं?

पाणीवही (धागाकर्ता)

दुष्काळी पट्ट्यात पाण्याविषयी प्रशिक्षण देणारे बरेच जण या मंचावर आहेत. कृषी सहाय्यक आहेत, कृषी विज्ञान केंद्रांतले आहेत, संस्थांचे कार्यकर्ते आहेत, अटल भूजल योजनेत काम केलेले आहेत. हा धागा त्यांच्यासाठी.

पाणलोटाची कामं शिकवणं त्या मानाने सोपं. उतारावर समपातळी शोधायची ए-फ्रेम कशी धरायची, सलग समतल चर कसा आखायचा, हे दोन-तीन दिवसांत हातात बसतं. माणसं श्रमदानाला येतात, खणलेला चर दिसतो, जूनमध्ये तो भरलेलाही दिसतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मुरलेलं पाणी कुणी, किती आणि कशासाठी उपसायचं? विहीर माझ्या रानात असते, पण तिच्यात पाझरणारं पाणी शेजारच्या रानाखालून आलेलं असतं. कुणीही मुद्दाम चूक करत नाही. प्रत्येकाचा हिशोब आपापल्या घरापुरता बरोबरच असतो. सगळे बरोबर हिशोब एकत्र झाले की मार्चमध्ये टँकर लावायची वेळ येते. अशा प्रश्नाला बाहेरून आणलेलं तयार उत्तर लागू पडत नाही.

माझं म्हणणं असं. प्रशिक्षकाने उत्तर नेऊ नये, मोजमाप न्यावं. गावात पाणी किती हा आकडा बाहेरून आला की गाव शांतपणे ऐकून घेतं आणि दुसऱ्या दिवशी कांद्याचं रोप टाकतं. तोच आकडा गावच्या माणसांनी गावच्या विहिरीत टेप सोडून काढला तर त्यावर भांडण होतं. ते भांडण व्हायलाच हवं, आणि ते रब्बीच्या आधी व्हायला हवं.

वर्षाचा क्रम ढोबळमानाने असा: मार्च-एप्रिलमध्ये शिवारफेरी आणि विहिरींची निवड. मे अखेरीस पहिली मोजणी. जून ते सप्टेंबर रोजचा पाऊस. सप्टेंबर अखेरीस कच्चा ताळेबंद, म्हणजे हातात असलेलं पाणी आणि लागणारं पाणी यांचा हिशोब, ऑक्टोबरच्या मध्यावर पक्का. मग वस्तीवार बैठका आणि ग्रामसभा. पुढे दर महिन्याला त्याच विहिरींची मोजणी.

बाकी तपशील ज्याला जे नीट माहीत आहे त्याने लिहावा. मोघम नको, आकड्यांत बोलूया.

काळापाषाण

भूजलाच्या बाजूने सुरुवात करतो.

महाराष्ट्राचं जवळपास ८२ टक्के क्षेत्र बेसाल्टवर आहे. लोकांच्या मनात मात्र जमिनीखाली नदी किंवा तळं असल्याचं चित्र असतं. ते पुसल्याशिवाय ताळेबंद समजत नाही, आणि फळ्यावर आकृती काढून ते पुसलं जात नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेलेल्या विहिरीच्या काठावर १०-१५ जणांना नेऊन उभं करा. वरून खाली थर वाचायला लावा: काळी माती, मुरूम, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा खडक), मध्येच गेरूसारखा लाल पट्टा, खाली काळा पाषाण. झरे कुठे दिसतात ते विचारा. ते बहुतेक मुरुमाच्या तळाशी, मांजऱ्यात किंवा दोन थरांच्या सांध्यावर ओले डाग म्हणून दिसतात. विहीर खोदणाऱ्यांना हे आधीपासून माहीत असतं. त्यांना बोलतं करा, तुम्ही कमी बोला.

मग बादलीचा प्रयोग. १० लिटरच्या बादलीला तळाशी छोटं भोक पाडून बूच लावा. बादली मुरुमाने काठोकाठ भरा. मापाने पाणी ओता, वर ओलावा चमकेपर्यंत. आता बूच काढा आणि निथळलेलं पाणी मोजा. ओतलेल्या पाण्यातलं बरंच मुरूम धरून ठेवतो, तेवढं परत येत नाही. जे निथळतं तेवढंच विहिरीला मिळतं. भूजलवाले त्या प्रमाणाला स्पेसिफिक यील्ड म्हणतात.

इथे एक चूक हमखास होते. बादलीतला मुरूम सुटा असतो, त्यामुळे त्यातून १०-१५ टक्क्यांपर्यंतही पाणी निथळेल. जमिनीखालच्या झिजलेल्या बेसाल्टसाठी हिशोबात साधारण २ टक्के धरतात. हे त्याच वेळी सांगून टाका. नाहीतर कुणीतरी बादलीचा आकडा धरून गावाच्या पाण्याला पाचाने गुणतो, आणि नंतर २ टक्के म्हटलं की तुम्ही पाणी लपवताय असं वाटतं.

निरीक्षण विहिरी गावाच्या आकारमानाप्रमाणे १५ ते २० पुरतात. माथा, मधला उतार आणि नाल्याकाठचा सखल भाग, तिन्ही ठिकाणच्या हव्यात. फक्त नाल्याकाठच्या विहिरी घेतल्या तर गावात भरपूर पाणी दिसतं. जिच्या आत आडवे बोअर मारलेले आहेत ती विहीर निरीक्षणाला घेऊ नका, तिची पातळी आजूबाजूचं खरं सांगत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर गावात किंवा शेजारी असेल तर तिच्या जुन्या नोंदी मागून घ्या. गावाची नवी वही त्या नोंदींशेजारी ठेवली की किती मागे-पुढे आहोत ते कळतं.

मोजताना:

कठड्यावर एकाच जागी तैलरंगाने बाण काढा. दर वेळी टेप तिथूनच सोडायचा. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदा मोजून वहीत लिहा आणि प्रत्येक मोजणीतून वजा करा. हे राहून गेलं की दोन विहिरींची तुलनाच होत नाही.

टेपच्या टोकाला वजन बांधा. सकाळी मोटार सुरू होण्याआधी मोजा. रात्रपाळीची वीज असेल तर मोटार बंद होऊन किमान ४-५ तास झाले असावेत. नाहीतर तुम्ही भूजल मोजत नाही, कालचा उपसा मोजता.

सगळ्या विहिरी एकाच दिवशी, फार तर दोन दिवसांत.

रुजवात

छान धागा. मी या कामात नवी आहे, म्हणून थेट विचारते. मोजलेल्या पातळीवरून गावाचं एकूण पाणी कसं काढायचं? प्रशिक्षणात जो तक्ता मिळतो त्यात पाऊस गुणिले क्षेत्र, मग अपधाव (वाहून जाणारं पाणी), बाष्पीभवन, मातीतला ओलावा असं बरंच काही असतं. गावात ते मांडायला घेतलं की तिसऱ्या ओळीला लोक उठून जातात.

पाणीवही

@रुजवात, तो तक्ता चुकीचा नाही, पण पहिल्या वर्षी गावासमोर नेऊ नका. पावसापासून सुरुवात केली की आकडा अवाढव्य येतो. ८०० हेक्टरच्या गावात ४५० मिमी पाऊस म्हणजे ३६ लाख घनमीटर. हे ऐकल्यावर पाण्याची तूट आहे यावर कोण विश्वास ठेवेल? त्यातला मोठा भाग उडून जातो, खरिपाचं पीक पितं, नाल्याने वाहून जातो. म्हणून विहिरीतल्या वाढीपासून सुरुवात करा.

आधी एकक पक्कं करा. १ टीसीएम म्हणजे १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे १०० टँकर. टँकर गावाला डोळ्यासमोर दिसतो, घनमीटर दिसत नाही.

आता उदाहरणासाठी धरलेलं गाव घ्या. विहिरींना पाणी लागतं असं क्षेत्र ६०० हेक्टर. मे ते ऑक्टोबर सरासरी वाढ ४ मीटर. स्पेसिफिक यील्ड २ टक्के.

६० लाख चौरस मीटर × ४ × ०.०२ = ४,८०,००० घनमीटर = ४८० टीसीएम.

यातून आधी माणसांचं. लोकसंख्या १,८००, माणशी ५५ लिटर, मध्य ऑक्टोबर ते मध्य जून २४० दिवस: सुमारे २४ टीसीएम. मोठी जनावरं ७००, प्रत्येकी ५० लिटर: ८.४. शेळ्या-मेंढ्या ९००, प्रत्येकी ६ लिटर: १.३. मिळून ३४ टीसीएम धरा.

मग आपोआप नाल्याकडे पाझरून जाणारं किमान १० टक्के, ४८ टीसीएम. पाऊस लांबला तर म्हणून राखीव ४० टीसीएम. उरले ३५८ टीसीएम. रब्बी आणि उन्हाळी पिकांना मिळून एवढंच.

ही वजाबाकी फळ्यावर तुम्ही करू नका. गावातल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींकडून, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर, सगळ्यांसमोर होऊ द्या. चूक झाली तर होऊ द्या, कुणीतरी पकडतंच. ज्याने चूक पकडली तो त्या आकड्याचा साक्षीदार होतो.

काळापाषाण

वरच्या हिशोबाला दोन पुरवण्या.

एक, २ टक्के हा आकडा दगडावरची रेघ नाही. १.५ टक्के धरला तर ४८० चे ३६० होतात, आणि सगळं वजा जाता पिकांना जेमतेम २५० उरतात. म्हणून गावासमोर एक आकडा ठेवू नका, पट्टा ठेवा: "२५० ते ३५८ च्या मध्ये कुठेतरी." पहिल्या वर्षी लोकांना हे आवडत नाही. पण डिसेंबर आणि फेब्रुवारीच्या मोजणीत पातळी कशी उतरते ते पाहिलं की दुसऱ्या वर्षी पट्टा आपोआप अरुंद होतो. एकच आकडा छातीठोकपणे सांगितला आणि तो चुकला, तर पुढच्या वर्षी मोजायला कुणी येत नाही.

दोन, पाझर तलाव आणि सिमेंट बंधाऱ्यांतलं पाणी वेगळं जोडायचा मोह होतो. त्यातलं जे मुरतं ते विहिरींच्या वाढीत आधीच आलेलं असतं. ऑक्टोबरमध्ये उघडं दिसणारं पाणी, आणि तेही थेट मोटार लावून उचललं जाणार असेल तरच, वेगळं धरा. नाहीतर तेच पाणी दोनदा मोजलं जातं.

माथ्यावरच्या विहिरी उपसा नसतानाही डिसेंबरपर्यंत खाली जातात, कारण पाणी उताराने सरकत राहतं. "आम्ही एक तास मोटार लावली नाही तरी पाणी गेलं" ही तक्रार खरी असते. ती खोडून काढू नका. माथ्यावरच्या शेतकऱ्याला नुसतं बचत करा म्हणून सांगणं त्याच्यावर अन्याय आहे, त्याला लवकर निघणारं पीक सुचवायला हवं.

तासपाळी

पिकांच्या बाजूचं लिहितो.

पिकाला लागणारं पाणी मिलिमीटरमध्ये सांगितलं तर फारसं कळत नाही. हेक्टरी टीसीएममध्ये सांगा, म्हणजे वरच्या ३५८ शी जोडता येतं. ढोबळ हिशोब असा:

हरभरा २५० मिमी = हेक्टरी २.५ टीसीएम.
गहू ४५० मिमी = ४.५.
रब्बी कांदा ६०० मिमी = ६.
ऊस वर्षाला २,००० मिमीच्या वर, म्हणजे हेक्टरी २० टीसीएमपेक्षा जास्त. ऑक्टोबर ते जून एवढाच काळ धरला तरी १५.
रब्बी ज्वारीला ओलावा चांगला असेल तर एक संरक्षित पाळी, ७५ मिमी = ०.७५.

आता गावाला नेहमीचा पेरा विचारा. समजा कांदा ५० हेक्टर, गहू ४०, हरभरा ६०, ऊस ५. म्हणजे ३०० + १८० + १५० + ७५ = ७०५ टीसीएम. हातात ३५८. इथे खोलीत शांतता पसरते. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. दोन मिनिटं कुणीच बोललं नाही तरी चालेल.

मग गटागटाने पेरा जुळवायला द्या. एक जुळणी अशी निघू शकते: कांदा २० हेक्टर (१२०), गहू १५ (६७.५), हरभरा ६० (१५०), ज्वारी २७ (सुमारे २०). बेरीज ३५८ च्या आत बसते. पण हे उत्तर तुमच्या खिशात ठेवा. गटांची उत्तरं वेगळी निघतात आणि ती बहुतेक वेळा जास्त शहाणी असतात, कारण कुणाच्या रानात काय येतं हे त्यांना माहीत असतं.

वेळेबद्दल फार महत्त्वाचं. रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून पेरली जाते. हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गहू नोव्हेंबरात. रब्बी कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत होते, म्हणून लोकांना वाटतं बैठक नोव्हेंबर अखेरीस घेतली तरी चालेल. पण कांद्याचं रोप त्याच्या ६-८ आठवडे आधी टाकलेलं असतं. बी महाग असतं. रोप टाकलं की निर्णय झाला, मग ग्रामसभेत काहीही ठरो. म्हणून सप्टेंबर अखेरचा कच्चा ताळेबंद चुकवू नका. तो २० टक्क्यांनी चुकला तरी वेळेवर आलेला बरा.

आणि एक पडताळा, जो शेतकऱ्याला स्वतःच्या रानात करता येतो. २०० लिटरचा ड्रम मोटारीच्या पाइपाखाली ठेवा, भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ४० सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ घनमीटर. एक एकराला ६० मिमीची पाळी द्यायची तर २४० घनमीटर लागतात, म्हणजे १३ तास २० मिनिटं. आता विचारा, तुम्ही प्रत्यक्षात किती तास मोटार चालवता? २० तास निघाले तर जादा पाणी कुठे गेलं हे तो माणूस स्वतः शोधतो. पाट कच्चा असतो, वाफा लांब असतो, नाहीतर रात्री मोटार लावून झोप लागलेली असते. मार्चमध्ये हाच ड्रम पुन्हा लावा. ४० चे ६५ सेकंद झालेले दिसले की पातळीचा आकडा सांगायची गरज राहत नाही.

रुजवात

@तासपाळी, ड्रमचा प्रयोग लगेच करण्यासारखा आहे. आणखी एक विचारते. तूट निघाली की "सगळ्यांनी ठिबक केलं तर भागेल" हे उत्तर पहिल्या पाच मिनिटांत येतं. ते मान्य करायचं का?

तासपाळी

ठिबक चांगलंच आहे, पण ताळेबंदात त्याने तूट भरली असं लिहू नका. प्रवाही सिंचनाच्या तुलनेत शेताला सोडलं जाणारं पाणी ठिबकने कमी होतं, हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी अर्धा एकर भिजवतो. त्यात त्याचं चुकत नाही, ठिबकचा खर्चही त्याला काढायचा असतो. विहिरीचा उपसा मात्र होता तेवढाच राहतो. शिवाय पाटपाण्यातलं थोडं पाणी खाली मुरून परत विहिरीला यायचं, तेही आता येत नाही.

म्हणून ठिबकची चर्चा नेहमी क्षेत्राशी बांधा. "ठिबक करणार आणि कांदा इतकाच ठेवणार" असं दोन्ही एका ओळीत लिहिलं गेलं तरच बचत धरायची.

ओसरी

मोजमापाचं सगळं बरोबर आहे, पण आतापर्यंतच्या प्रतिसादांत खोलीत कोण बसलंय हे कुणी विचारलं नाही.

ज्यांच्या विहिरी आहेत त्यांचीच बैठक घेतली तर ताळेबंद म्हणजे विहीरवाल्यांमधली वाटणी होते. पिण्याच्या पाण्याची ओळ मग वरवर लिहिली जाते, ३४ टीसीएम आणि पुढे चला. ते ३४ टीसीएम कोणत्या विहिरीतून येणार? एकूण पाणी पुरेसं असलं तरी सार्वजनिक विहीर फेब्रुवारीत आटू शकते, कारण तिच्या शेजारी चार मोटारी चालू असतात. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्यापासून बंधन आहे. पण नकाशावर ते वर्तुळ आखलेलं क्वचितच दिसतं. गाव नकाशावर प्रमाण धरून कंपासने ते आखा आणि आतल्या विहिरी-बोअर मोजा. हे काम बचत गटाच्या बायका सर्वात नेमकेपणाने करतात, कारण हंडा कधीपासून लांब न्यावा लागतो हे त्यांनाच पाठ असतं.

बैठकांबद्दल:

एक मोठी सभा घेण्याऐवजी आधी वस्तीवार ६-८ छोट्या बैठका घ्या. मळ्यात राहणारे, गावठाणातले, दलित वस्ती, मेंढपाळ कुटुंबं, यांच्या बैठका वेगळ्या. वेळ त्यांना विचारून ठरवा. बायकांना दुपारी २ ते ४ किंवा रात्री जेवणानंतर जमतं. संध्याकाळी ६ ला ठेवलीत तर चूल, धारा आणि पाणी तिन्ही एकदम असतं, कुणी येणार नाही. मग अहवालात "महिलांचा प्रतिसाद कमी" असं लिहिलं जातं.

प्रत्येक बैठकीत तेच तीन प्रश्न विचारा. पाणी कधी कमी पडायला लागतं, महिना सांगा. तेव्हा सर्वात आधी कुणाचं काय बंद होतं? गेल्या दहा वर्षांत काय बदललं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहा आणि तोच कागद ग्रामसभेत भिंतीवर लावा. उभं राहून बोलणं जिला जमणार नाही तिचं म्हणणं तरी भिंतीवर असतं.

ग्रामसभेआधी महिलासभा घ्यायचीच असते. ती सह्यांपुरती उरकू देऊ नका, पिण्याच्या पाण्याची ओळ तिथेच पक्की करून घ्या. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. हे लक्षात ठेवून तारीख निवडा. बाजाराचा दिवस आणि सोयाबीन काढणीचा आठवडा टाळा.

एक नियम मात्र मोडू नका. कुणा एकाच्या विहिरीचा उपसा नावानिशी सभेत वाचायचा नाही. निरीक्षण विहिरींना क्रमांक द्या. एकदा एखाद्या घराकडे बोट दाखवलं गेलं की पुढचा सगळा वेळ जुन्या भावकीत जातो.

बांधावरून

सगळं वाचलं. माझा आक्षेप थेट आहे. मोजून, बैठका घेऊन, भिंतीवर कागद लावून माणूस ऊस सोडतो का? हिवरे बाजारला गावाने शेतीसाठी बोअरवेलला बंदी केली, ऊस-केळीला बंदी केली, म्हणून पाणी टिकलं. नियम आणि तो पाळायला लावणारं नेतृत्व नसेल तर ताळेबंद ही एक चांगली वही राहते, बाकी काही नाही. प्रशिक्षकांनी नियमाची भाषा बोलायला का घाबरावं?

पाणीवही

@बांधावरून, प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही.

हिवरे बाजारच्या बंद्या लोकांना दिसतात. पण सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या त्या गावात पावसाळ्यानंतर पाण्याचा हिशोब ग्रामसभेसमोर मांडला जातो आणि त्यावरून पेरा ठरतो, हा भाग कमी सांगितला जातो. मोजमापाशिवाय नुसती बंदी असती तर चांगल्या पावसाच्या पहिल्याच वर्षी ती तुटली असती.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम तर आणखी कडक. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. भूमिहीनांनाही हक्क. ते नियम टिकले याचं एक कारण असं की योजनेच्या खर्चात शेतकऱ्यांचा स्वतःचा वाटा होता आणि पाणी सामायिक उपसा योजनेचं होतं, म्हणजे झडप एका ठिकाणी होती. पाटकरी नेमता येत होता. गावातल्या २०० खासगी विहिरींना झडप कुठे लावणार?

तिसरं उदाहरण आंध्रचं. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) मदतीने तिथल्या ७ दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी भूजल सांभाळण्याचा प्रकल्प झाला, एपीएफएएमजीएस या नावाने ओळखला जातो. शेतकरी स्त्री-पुरुष स्वतः पाऊस, विहिरींची पातळी आणि मोटारींचा विसर्ग मोजत. रब्बीच्या तोंडावर पीक-पाणी ताळेबंद सगळ्यांसमोर मांडला जाई. बंदी नव्हती, दंड नव्हता, रोख अनुदानाचं आमिषही नव्हतं. पेरा काय करायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. तरीही बऱ्याच ठिकाणी जास्त पाण्याच्या पिकांखालचं क्षेत्र कमी झालं, कारण तूट दिसल्यावर मार्चमध्ये पीक जळण्याची जोखीम प्रत्येकाला आपली स्वतःची दिसली. त्यांनी एकक म्हणून गाव घेतलं नाही, ओढ्याचं पाणलोट घेतलं. यातून आपण शिकण्यासारखं बरंच आहे.

म्हणून प्रशिक्षकाने नियमाला घाबरू नये, पण नियम स्वतः सुचवूही नये. तूट किती आहे ते नीट दिसलं की गाव नियमाकडे स्वतः येतं, आणि तो साधा असतो. "या वर्षी नवं बोअर नाही." "सार्वजनिक विहिरीजवळच्या मोटारी फेब्रुवारीपासून बंद." असा एकच नियम पहिल्या वर्षी पुरे. तो ठरावात लिहिताना कोण पाहणार, किती दिवसांनी, मोडला तर कुठे बोलायचं, हे तिन्ही लिहून घ्या. नाहीतर ठराव कागदावर राहतो.

बांधावरून

एकच नियम पण लिहून, हे पटतं. पाणलोटाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. वरच्या गावाने ४०० फुटांचे बोअर मारले तर खालच्या गावाच्या ताळेबंदाला अर्थ राहत नाही. किमान लागून असलेल्या दोन-तीन गावांच्या मोजणाऱ्यांची महिन्यातून एकदा गाठ घालून द्यायला हवी. सरपंचांची बैठक नंतर, आधी मोजणाऱ्यांची. ते आकड्यांवर बोलतात.

ओसरी

यात मेंढा (लेखा)ची पद्धत उपयोगी पडते. गडचिरोलीतल्या त्या गावाने अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळी ठेवली. अभ्यासगटात माहिती घ्यायची, बाहेरच्या जाणकाराला प्रश्न विचारायचे, वाद घालायचा, पण निर्णय करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांची जागा अभ्यासगटात आहे, ग्रामसभेत मागच्या रांगेत. तिथे कुणी "साहेब काय म्हणतात" असं विचारलंच तर प्रश्न मोजणाऱ्या मुलीकडे वळवा.

रुजवात

शेवटचं एक. प्रकल्प संपला की मोजणी थांबते, हे सगळीकडे दिसतं. ती टिकावी म्हणून पहिल्या दिवसापासून काय करायचं? आणि भिंतीवरचा तक्ता नेमका कसा असावा?

काळापाषाण

थांबायची कारणं बहुतेक साधी असतात. मोजणारा एकच असतो आणि तो पुण्याला कामाला जातो. टेप तुटतो आणि नवा कुणी आणायचा ते ठरलेलं नसतं. वही संस्थेकडे असते. म्हणून प्रत्येक वस्तीत दोघे मोजणारे ठेवा, त्यातली एक तरी लग्न होऊन गावात आलेली सून असू द्या, ती गाव सोडून जाण्याची शक्यता सर्वात कमी. वही ग्रामपंचायतीत, तिचा दर महिन्याचा फोटो मोजणाऱ्यांच्या गटात. दोन जादा टेप पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

पर्जन्यमापक शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात, झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. नोंद रोज सकाळी ८.३० ला. सुट्टीत मुलं नसतील तेव्हा कोण, हे आधी ठरवा. महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा शेजारच्या रकान्यात लिहीत चला. दोन्हींत फरक पडणारच, पाऊस शिवारागणिक बदलतो. पण तो लिहिलेला असला की पीक विम्याच्या चर्चेतही गावाला स्वतःचा कागद दाखवता येतो.

पाणीवही

तक्त्याचं सांगते. ग्रामपंचायतीची किंवा दूध संकलन केंद्राची बाहेरची भिंत निवडा. दुधाला दिवसातून दोनदा माणसं येतात आणि पाच मिनिटं उभी राहतात. आकार ६ फूट × ४ फूट, पांढऱ्यावर काळा तैलरंग. महिन्याने बदलणारे आकडे खडूने, म्हणून रकान्यांचा भाग काळा रंगवून घ्या.

डावीकडे पाच ओळी: माथा, मधला उतार, सखल भाग, सार्वजनिक विहीर, महिन्याचा पाऊस. वर मे ते पुढचा मे असे तेरा रकाने, दोन्ही मे शेजारी पाहता यावेत म्हणून. पहिल्या तीन ओळींत त्या भागातल्या विहिरींत जमिनीपासून पाण्यापर्यंतची सरासरी खोली, मीटर आणि फूट दोन्हींत, कारण वडीलधारी माणसं अजून फुटांत आणि परसांत (खोलीचं जुनं माप) बोलतात. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा त्याच चौकटीत खाली छोट्या अक्षरात.

तक्त्याच्या खाली तीनच आकडे मोठ्या अक्षरांत: या वर्षी पिकांसाठी किती टीसीएम, गावाने ठरवलेला पेरा किती टीसीएमचा, आणि प्रत्यक्ष पेरा किती टीसीएमचा. तिसरा आकडा डिसेंबरमध्ये ई-पीक पाहणीच्या (मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी पीक नोंदणीच्या) नोंदी आणि शिवारफेरी दोन्ही जुळवून भरायचा. नुसत्या नोंदींवर विसंबू नका, कांद्याची उशिरा झालेली लागण त्यात राहून जाते. दुसरा आणि तिसरा आकडा जुळले नाहीत तर खोडू नका. पुढच्या सप्टेंबरच्या बैठकीची सुरुवात त्याच दोन आकड्यांपासून करायची आहे.